आतली बाजू

मुंबईच्या संग्रहालयातल्या फाल्गुनी मॅडमचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या एसटी स्टँडवर केळी घेत होतो. "दगाजी पाटील ना? मंगळवारी खापरला येते, दाराची पाहणी करायला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पाहणी! बावीस वर्षं जिची वाट बघितली ती एकदाची होणार होती. मी केळी तिथेच विसरून खापरच्या गाडीत चढलो.

दार आमच्या युद्धनौकेचं, आयएनएस मेघवाहिनीचं. मी आणि इद्रिस तिच्यावर अकरा वर्षं एकत्र होतो. ती सेवेतून काढल्यावर तिचं संग्रहालय करा म्हणून आम्ही जुने खलाशी अर्ज करत राहिलो. दरवर्षी महिनाभर मुंबईला जाऊन फुकटात तिचा गंज खरवडत राहिलो. पुढारी आले, फोटो काढून गेले. शेवटी बोट भंगारात काढली. एवढ्या मोठ्या बोटीतून आमच्या वाट्याला एक पोलादी दार आलं, तेही इद्रिस गुजरातच्या किनाऱ्यावर तीन दिवस बोट तोडणाऱ्यांच्या मागे फिरला म्हणून. ट्रकमध्ये टाकून त्याने ते खापरला आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आणलं.

तेच दार का, असं लोक विचारतात. त्याच्यामागे फुलसिंग मेला म्हणून.

फुलसिंग आमच्याच बोटीवरचा खलाशी, नर्मदाकाठच्या मणिबेलीचा. एकाहत्तरच्या लढाईत बोटीच्या खालच्या खोलीत पाणी घुसलं आणि हुकूम सुटला, दार लावा. मी लावलं. आठही खिट्ट्या मीच आवळल्या, आणि फुलसिंग आत आहे हे मला ठाऊक होतं. लावलं नसतं तर दोनशे माणसं गेली असती असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. चाळीस मिनिटं आतून लोखंडी पान्याचे ठोके येत होते. मग थांबले. बोट वाचली, पदकं वाटली गेली, त्यातलं एक माझ्या छातीवर लागलं. फुलसिंगच्या नावाची साधी पाटी कुठे लागली नाही.

आता मुंबईत नवीन संग्रहालय होत होतं. दार खरं ठरलं तर ते तिथे उभं राहणार होतं आणि खाली फुलसिंगचं नाव लागणार होतं. मरण्याआधी मला एवढंच बघायचं होतं. त्याची बहीण शांतीबाई पुनर्वसनाच्या गावात राहते. मणिबेली धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा फुलसिंगची पेटी आणि त्याचा एकुलता एक फोटोही गेला. भावाचं म्हणून तिच्याकडे काही उरलेलं नाही. मी तिलाही मंगळवारी या असा निरोप धाडला.

नौदलात एक गोष्ट हाडात भिनवतात. साहेब पाहणीला येणार म्हटलं की खरवडा, घासा, रंगवा. गंजाचा एक ठिपका दिसला तर सुट्टी रद्द. ते दार बघून मला शरम वाटली. पन्नास वर्षांच्या रंगाचे पापुद्रे, पोचे, कडेला गंज.

"इद्रिस, ग्राइंडर काढ," मी म्हणालो.

"भो, असंच राहू दे ना. जुनं शे, जुनं दिसू दे," इद्रिस म्हणाला.

"मॅडमसमोर असं घाणेरडं दार उभं करशील? खलाशी शे का भंगारवाला?"

ते त्याला झोंबलं. त्याने ग्राइंडर काढला. दोन दिवस आम्ही दोघे म्हातारे तोंडाला रुमाल बांधून त्या दाराला भिडलो होतो. आतली बाजू घासताना खाली एका जागी इद्रिस थांबला, तिथे बोट ठेवलं.

"आठे काही रेघा शेतस, भो."

मी चष्मा पुसला, वाकून बघितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला जवळचं तसंही कमीच दिसतं. "गंजनी खायेल शे," मी म्हणालो. "अजून घास. मग पुट्टी भरी दे."

त्याने रेघा जाईपर्यंत घासलं, मग पुट्टी भरली. मी स्वतः पॉलिश पेपर मारून ती जागा गुळगुळीत केली. मग आमचा तो राखी रंग, दोन हात. काम झाल्यावर इद्रिसने दाराला सलाम ठोकला आणि आम्ही चहा मागवला. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

मंगळवारी मॅडम गाडीतून उतरल्या आणि दुकानाच्या तोंडाशीच थबकल्या.

"हे नवीन बनवलंय?"

"नाही मॅडम, तेच आहे! चकाचक केलं."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. फाइलमधून एक कागद काढला. लढाईनंतरच्या चौकशीचा अहवाल, इतकी वर्षं गोपनीय होता, आत्ता खुला झालेला. त्यांनी वाचून दाखवलं. गोदीत दार उघडलं तेव्हा आतल्या बाजूला, खाली, पान्याच्या टोकाने कोरलेली अक्षरं सापडली होती. फुलसिंग. त्याखाली मणिबे. पुढचं अक्षर नव्हतं. मग गोदीवाल्यांनी त्यावर रंग मारला.

"रंगाचा एकेक थर उतरवून आम्ही ती अक्षरं मोकळी करणार होतो," त्या म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं ना!" मी ओरडलो.

"दाराला हात लावू नका, असं सांगावं लागेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, काका."

"मॅडम, मशीन मी फिरावं," इद्रिस मध्येच म्हणाला. "चूक मन्ही शे."

मित्र आहे, खोटं बोलला. फुलसिंगला नाव लिहायला मीच शिकवलं होतं. जेवण झालं की सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर फुलसिंग जीभ बाहेर काढून गिरवत बसायचा. आधी स्वतःचं नाव, मग गावाचं.

शांतीबाई जीपमधून उतरली. कागदात काय आहे ते मीच तिला सांगितलं, दुसऱ्या कुणावर ढकलायला तोंड नव्हतं.

"कोठे शे नाव?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं. ती दारापाशी उकिडवी बसली आणि त्या जागेवरून हात फिरवत राहिली. रंग अजून ओला होता, तिच्या बोटांना लागला.

"भाऊबी पाणीमा गया, गावबी पाणीमा गयं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू दार लावं, तवय तो काय करी ऱ्हायंता?"

पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "ठोका मारी ऱ्हायंता," मी म्हणालो. "चाळीस मिनिटं."

"आनि मंग?"

मग ठोके थांबले. तेव्हा तो मेला असं मी जन्मभर धरून चाललो. तो मेला नव्हता. दगा दार उघडत नाही हे त्याला कळलं, आणि तो नाव लिहायला बसला.

इद्रिसने रॉकेलचा बोळा पुढे केला. शांतीबाईने घेतला नाही. रंगाची बोटं तशीच पदरात धरून ती जीपकडे गेली.

ते दार मी दोनदा लावलं. पहिल्या वेळी निदान हुकूम होता.