राखून ठेवलेला बुक्का

वत्सलाने न्हाणीघराचं दार ढकललं आणि शकूच्या हातातली वजरी हिसकावून घेतली. अकरा वर्षांच्या पोरीने टाचा घासायच्या त्या दगडाने मनगटापासून कोपरापर्यंत हात खरवडले होते. लव तशीच होती, काळीभोर. कातडी तेवढी गेली होती.

"अगं, वेडी का काय तू? रक्त आलंय बघ!"

"येऊ दे," शकू म्हणाली. "करडीला कुठं दुखतंय?"

करडी म्हणजे कानडीत अस्वल. हा शब्द घरात आणला भागीरथीने, वत्सलाच्या थोरल्या नणंदेने. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शकू बायकांना पन्हं देत होती. भागीरथीने भर बैठकीत तिचा हात धरला, उजेडाकडे फिरवला आणि म्हणाली, "वत्सला, तान्हेपणी हिला डाळीच्या पिठानं चोळायचा कंटाळा केलास ना? बघ, पोर करडी झाली." वीसेक बायका हसल्या. त्यांची पोरंही होतीच तिथे. दुसऱ्या दिवसापासून हुबळीच्या केशवापुरातल्या त्या गल्लीत शकूला तिच्या नावाने कोणी हाक मारली नाही. त्र्याहत्तर सालच्या त्या वैशाखात माणसं अंगावरचे कपडे नकोत म्हणत होती आणि ही पोरगी बापाचा लांब बाह्यांचा सदरा घालून घरात बसू लागली.

कंटाळा म्हणे! वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. चाळीस दिवस रोज पिठाचा गोळा फिरवला होता तिने त्या कोवळ्या अंगावर. पोर रडून लालबुंद व्हायची. नाही गेली लव, त्याला ती काय करणार? पण थोरल्या नणंदेला उलट बोलायची या घरात पद्धत नव्हती. तो राग तिने महिनाभर राखून ठेवला.

आज मात्र दिवस तिचा होता. धाकट्या जावेच्या, लक्ष्मीच्या मुलीचं बारसं होतं. बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागे उभ्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. गमतीची रीत. कोणी जोरात घातला तरी आत्याने हसून सोसायचा, रुसायचं नाही. थोरल्या नणंदेच्या पाठीत बुक्का घालायचा वत्सलाला मिळालेला हा एकच परवाना होता, आणि तो ती वाया घालवणार नव्हती. सकाळीच तिने उजव्या हातातल्या बांगड्या मागे सारून मूठ आवळून पाहिली होती.

"तो सदरा काढ. परकर-पोलकं घाल आणि चल," तिने शकूला सांगितलं. "आत्याच्या पाठीत तूही घाल. दातओठ खाऊन घाल."

"सगळ्या हात बघतील."

"आजचाच दिवस. उद्या बघ कशी जाते ती लव."

जुन्या हुबळीतल्या काष्ठौषधीवाल्याकडून तिने हरताळ-चुन्याची पुडी आणून फडताळात ठेवली होती. थोडी आग होईल, पण साफ निघेल, असं तो म्हणाला होता.

शकूने सदरा काढला नाही. तशीच आईच्या मागून माजघरात आली.

पाळण्याला शेवंतीच्या माळा सोडल्या होत्या. भागीरथी नेहमीसारखी दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून आली. उन्हाळा असो, लग्न असो, तिचा पदर कधी ढळला नव्हता आणि घरात त्याचं भारी कौतुक होतं. ती पाळण्यात वाकली. "कुर्रर्र..."

पहिला बुक्का कोणीतरी हलकाच घातला. मग दुसरा. शेजारच्या कानडी बायका ओरडल्या, "जोर हाकरी, जोर!" जोरात घाला म्हणे. वत्सला पुढे सरकली. हात नुसता शिवशिवत होता. तिने मूठ वर नेली, आणि त्या रेटारेटीत कोणाच्या तरी बांगडीत अडकून भागीरथीचा पदर घसरला.

अंबाड्याखालून पोलक्याच्या गळ्यात शिरलेली लव काळीभोर होती, थेट शकूच्या हातावरच्यासारखी. मधोमध रुपयाएवढा पांढरट, चुरगळलेला डाग. भाजल्याचा, जुना.

वत्सलाची मूठ वरच राहिली. आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. केवढा आनंद! वीसेक बायका आजही होत्या. एक शब्द पुरे होता. 'अय्या अक्का, तुम्हीपण करडी?' एवढंच म्हणायचं, हसत हसत. अगदी जिभेवर आलं.

तिच्या काखेखालून शकू पुढे घुसली. तिनेही पाहिलं होतं. क्षणभर ती त्या डागाकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी तिने आत्याचा पदर उचलला, मानेवरून नीट ओढून घेतला आणि खांद्याशी खोचला. भागीरथी नाव सांगायची थांबली होती. पाळण्याची कड तिने घट्ट धरली होती.

मग शकूने सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि त्या पदरावर असा बुक्का घातला, की पाळणा हलला.

"अगं बाई गं!" बायका खदखदून हसल्या.

भागीरथी हसली नाही. वाकूनच, मागे न बघता, तिने शकूचं मनगट धरलं. सोललेल्या कातडीवर तिचा अंगठा थांबला.

"कशानं घासलंस?"

"वजरीनं."

"चुना लावू नको कधी." ती इतकं हळू बोलली, की फक्त शकूला आणि वत्सलाला ऐकू आलं. "कोणी दिला तरी नको. मला माझ्या आईनंच लावला होता, लग्नाच्या आधी."

तिने शकूचा हात सोडला, पण पाठ सरळ केली नाही.

"घाल की, वत्सला," ती म्हणाली. "तुझा राहिलाय."

महिनाभर राखून ठेवलेला बुक्का. वत्सलाच्या डोळ्यांपुढे फडताळातली पुडी होती. सगळ्या बघत होत्या म्हणून तिने तो घातला. आवाजसुद्धा झाला नाही.