गाढवघाटीची पैज

बद्रीनाथनं जीपच्या बॉनेटवर थाप मारली, तशी आतून एक कोंबडी फडफडत बाहेर पडली आणि त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर घाण करून कुडाकडं पळाली.

"इंजान चालू हाय म्हन की," बद्रीनाथ शर्ट झटकत म्हणाला. "एक सिलिंडर तर आत्ताच पळालं."

अंगणातली माणसं हसली. जीपखाली उताणा पडलेला बन्सीही हसला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते, तेच हलले.

त्याची बायको दीपमाला उंबऱ्याच्या आत उभी होती. ऐन उकाड्यात अंगावर शाल. चाळिशी ओलांडल्यावर दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता, आणि पोट कुणाच्या नजरेला पडता कामा नये असा सासूचा हुकूम होता. त्यामुळं ती स्वतःच्याच घरात चोरीच्या मालासारखी वावरत होती.

जीप कधीकाळी बन्सीनं लिलावात उचललेली. स्प्रिंगांचे पाटे मोडलेले, पत्रा सडलेला, गादीतला काथ्या उंदरांनी नेलेला. आणली त्या दिवसापासून कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला होता. पण यंदा दीपमालाला दिवस गेल्याचं कळलं आणि बन्सीनं कोंबड्यांना नोटीस दिली. घाटनांदूरला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान लवकर बंद करून तो घरी यायचा आणि जीपखाली शिरायचा. बाईला चिंचेचे डोहाळे लागले, बाप्याला ग्रीसचे, असं गावात म्हणायला लागले होते.

"बन्सी, भंगारात घाल बे," बद्रीनाथ म्हणाला. "ही गाढवघाटी चढली तर मी माझी मिशी उतरवतो."

वस्तीतून डांबरी सडकेला लागायचं तर मधे गाढवघाटी होती. नुसता दगडगोटा आणि उभी चढण. बद्रीनाथची नवी पांढरी गाडीसुद्धा वरच सडकेला उभी असायची. तो खाली चालत यायचा, पण तसं कबूल करायचा नाही.

बन्सी सरपटत बाहेर आला. नाकाला काळं लागलेलं.

"मिशी नको. मिशी परत उगवती. खरी पैज लाव."

"बोल."

"हरणाऱ्यानं हिरवं लुगडं नेसायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या, अन् ग्रामपंचायतीम्होरं, साऱ्या गावादेखत, डोहाळेजेवण करून घ्यायचं."

माणसं एवढी हसली की कुडावरचे पारवे उडाले. बद्रीनाथला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यानं एकदा गावाकडं पाहिलं, एकदा जीपकडं. जीपचा एक दिवा तिच्या गालावर लोंबत होता. त्याला धीर आला.

"कबूल. अन् वटी कोन भरल?"

"ज्याची त्याची माय," बन्सी म्हणाला.

घरातून त्याच्या मायचा, सरूबाईचा आवाज आला. "मला मधी वढू नगा. मी ऐतवारी चौसाळ्याला चालले."

"पैज शनिवारी हाय, माय," बन्सीनं तिथूनच सांगितलं आणि पुन्हा जीपखाली गेला.

*

सरूबाई खरंच पिशवी भरत होती. चौसाळ्याला लेक दिली होती, आम्रपाली. बाळंतपण उरकेपर्यंत तिच्याकडं राहायचं, असं सरूबाईनं ठरवून टाकलं होतं.

"मला माय न्हाई, आत्याबाई," दीपमाला दारात येऊन म्हणाली. "टायमाला माझ्याजवळ कोन?"

"दवाखान्यात नर्सबाया असत्यात."

"नर्सबाया अन् तुमी एक का?"

सरूबाईनं लुगड्याची घडी मोडली, परत घातली. "मी नसलेली बरी."

दीपमालाला तहान लागली होती. सरूबाईनं माठातून पाणी काढलं, पेला जमिनीवर ठेवला आणि बोटानं तिच्याकडं सरकवला. हातात दिला नाही. मागच्या खेपेपासून ती तिच्या हातात काही देत नव्हती.

मागच्या खेपेला सातव्यातच डोहाळेजेवण केलं होतं. सरूबाईचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. विधवेनं ओटी भरायची नाही हे गाव मानत होतं. पण ह्या घरानं छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन असलं सगळं मागं टाकलं होतं. सरूबाई तेव्हा ताठ मानेनं पुढं झाली होती. माझ्या नातवाची वटी पयली मीच भरीन, म्हणाली होती. आणि भरली. मग आठवडा गेला नाही तोच दीपमालाच्या पोटात कळा सुरू झाल्या, रात्रीच्या पावसानं धुतलेल्या गाढवघाटीत ट्रॅक्टरची ट्रॉली रुतली, आणि सडकेला लागेपर्यंत सगळं संपलं.

नळावर बद्रीनाथची बायको छबुबाई म्हणाली होती, ऐकू जाईल इतक्याच हळू: "विधवेचा हात लागला. दुसरं काय."

बन्सीनं दोष घाटीला दिला. सरूबाईनं आपल्या हाताला दिला.

"आत्याबाई, मी काय चोरी केली का? शाल पांघरून कावून बसू?"

"तू न्हाई केली माय," सरूबाई म्हणाली आणि उजवा हात पदराखाली घेतला. "तू कावून करशील."

*

जीपनं मात्र मनावर घेतलं. बन्सीनं पाटे नवे घातले, कारबोरेटर खोलून धुतला, पत्र्याला ठिगळं लावून वर लाल प्रायमर फासला. रंग पोराच्या पसंतीनं देऊ, म्हणाला. दीपमाला शाल सावरत पाने हातात द्यायची. कुठला पाना कुठल्या नटाला, हे तिला त्याच्याआधी कळायला लागलं होतं.

गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो कशाला, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ही खरी जीप," बन्सी म्हणाला होता. "ह्यो वढला की पुढची चाकंबी जोर लावत्यात. न्हाई वढला तर मागची दोनच. मग घाटी सोड, उकिरडाबी चढायची न्हाई."

गुरुवारी सकाळी, गाव परसाकडला जायच्या आत, त्यानं जीप बाहेर काढली. दीपमाला अंगणात कान देऊन उभी राहिली. इंजिनाचा आवाज घाटीला लागला, जड झाला, दबला, आणि मग वरून, अगदी सडकेच्या अंगानं, हॉर्न वाजला. त्या दिवशी भाकरी थापताना ती गुणगुणत होती. बद्रीनाथ लुगड्यात कसा दिसेल, हे तिनं मनात पाहून घेतलं होतं.

शनिवारी अख्खं गाव गाढवघाटीच्या पायथ्याला. बद्रीनाथ पुढच्या धोंड्यावर, मोबाईल हातात. सरूबाईला शेजारच्या कौशल्याबाईनं ओढूनच आणलं होतं. ती लिंबाखाली, सगळ्यांच्या मागं बसली. दीपमाला शालीसकट एका बाजूला.

"पेट्रोल टाकलंय का नुसतं दाने टाकलेत?" कुणीतरी ओरडलं.

बन्सीनं कपाळाला हात लावून सगळ्यांना सलाम केला आणि गाडी घातली. जीप पहिला टप्पा ऐटीत चढली. दुसऱ्या टप्प्याला मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. दगड उडाले, माणसं पांगली. जीप गुरगुरली, थरथरली, आणि हळूहळू, म्हशीनं दाव्याला ओढ घेऊन मागं यावं तशी घसरत खाली आली. बन्सीनं परत घातली. परत तेच. तिसऱ्यांदा इंजिनच बंद पडलं.

शिट्ट्या सुरू झाल्या. बद्रीनाथ धोंड्यावरच नाचला.

माणसांतून वाट काढत दीपमाला जीपपाशी गेली आणि आत डोकावली. गिअरचा दांडा पहिल्यात होता. शेजारचा छोटा दांडा जागचा हललेला नव्हता.

"आवो," ती हळूच म्हणाली.

"काय."

"छोटा दांडा."

बन्सी हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत होता.

"इसरलो."

"तुमी इसरलात?"

"वय झालं माझं. ह्ये काय बाप व्हायचं वय हाय?" एवढं बोलून त्यानं तिच्या खांद्यावरून लिंबाकडं पाहिलं.

दीपमालानंही वळून पाहिलं. लिंबाखाली सरूबाई उठून उभी राहिली होती आणि कौशल्याबाई तिच्या कानाशी लागून हसत होती. हरणाऱ्याची ओटी त्याच्या मायनं भरायची होती.

दीपमालानं छोट्या दांड्याकडं एकदा पाहिलं आणि शाल सावरत बाजूला झाली.

*

लुगडं कौशल्याबाईचं, हिरवंगार. बांगड्या बन्सीच्या मनगटात जाईनात. दोन फुटल्यावर कासारणीनं त्या सुतळीत ओवून त्याच्या हाताला बांधल्या. त्याच दुपारी ग्रामपंचायतीपुढं जीप ढकलत आणली, तिला केळीचे खांब बांधले, आणि मिशीवाली गर्भार बाई आत बसली. बायका तोंडाला पदर लावून आल्या होत्या. दोन गाण्यांतच त्यांनी पदर सोडले.

"कितवा गं बाई?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मोजायचं राह्यलं, मावशी. जीपीसंगच दिवस गेल्ते."

"खावं काय वाटतंय?"

"बद्रीनाथच्या शेतातला हुरडा. चोरून."

बद्रीनाथ सगळं मोबाईलमध्ये घेत होता. हसून त्याचं पोट दुखायला आलं होतं. निवडणूक इथंच जिंकल्यासारखी त्यानं छाती काढली. "वटी राह्यली," तो म्हणाला. "मायला बोलवा. पैज म्हंजी पैज."

सरूबाई ग्रामपंचायतीच्या पायरीवरून हलेना.

"चल माय," बन्सीनं गाडीतून हाक दिली. "जबान दिलीय म्या. घरान्याची इज्जत हाय."

"कसली इज्जत, मुडद्या? लुगड्यात बसलाय तू."

पण लोकांनी रेटा लावला आणि ती आली. छबुबाई ताट धरून उभी होती: तांदूळ, नारळ, खण. सरूबाईनं ताटाकडं पाहिलं, छबुबाईकडं पाहिलं, आणि हात पदराखाली नेला.

बन्सी तिच्याकडं वाकला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"भर माय. मला काय व्हतंय ते बघू की."

सरूबाई त्याच्याकडं पाहत राहिली. मग पदराखालचा हात निघाला. तांदळाची ओंजळ त्याच्या पदरात पडली, वर खण आणि नारळ. गाव ओरडलं, कुणीतरी हलगी वाजवली. बन्सीनं स्वतःची नाडी धरून पाहिली, डोळे मिटले, एक उघडला.

"जित्ता हाय," त्यानं जाहीर केलं.

सगळे हसले. सरूबाई हसली नाही. ती ताटाला पाठ करून निघाली.

तेव्हा दीपमालानं शाल काढली. घडी केली, जीपच्या दारावर ठेवली, पायरीवर पाय देऊन वर चढली आणि नवऱ्याशेजारी बसली. एवढे दिवस झाकलेलं पोट उघड्यावर आल्यावर भलतंच मोठं वाटलं. हलगी थांबली.

"छबुबाई, ताट खाली ठिवू नगा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण कुणाला ऐकू आला नाही असं झालं नाही. तिनं पदर पसरला. "आत्याबाई, उरलेलं मला."

सरूबाई वळली. "नगं माय. मागच्या खेपेला..."

"मागच्या खेपेला ट्रॉली रुतली व्हती."

"लोक काय म्हनतील."

"म्हनून झालंय त्यांचं. नळावर."

छबुबाईच्या हातातलं ताट कललं आणि तांदूळ कडेला सरकले. बद्रीनाथनं मोबाईल खाली घेतला.

"बन्सी, ह्ये पैजंत न्हवतं," तो म्हणाला.

"मी हारलेला मानूस, बद्री," बन्सी म्हणाला. "मला कोन इचारतं."

सरूबाई चौकात एकटी उभी होती. समोर सगळ्या बायका, नळावरच्या, विहिरीवरच्या. तिनं त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली, कुणाला न चुकवता. मग खांद्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला आणि जीपशी आली.

"सरक की बे," ती लेकाला म्हणाली. "एवढी जागा अडवलीय, जसं काय तुलाच कळा सुरू व्हनार हायत."

बन्सी नारळ सांभाळत स्टिअरिंगकडं सरकला.

सरूबाईनं ताटातले तांदूळ ओंजळीत घेतले. निम्मे दाणे पत्र्यावर सांडले, निम्मे दीपमालाच्या पदरात पडले. तिनं दुसरी ओंजळ घेतली. ही भरलेली गेली. तिसरीला ताटाचा तळ लागला. दीपमालानं पदर तसाच धरून ठेवला होता. सरूबाईनं रिकामं ताट पाहिलं आणि ते छबुबाईच्या हातात तसंच राहू दिलं.

"छबू," ती म्हणाली, "तांदूळ कमी पडले. घरून आन."

छबुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बद्रीनाथ दुसरीकडंच बघत होता. ती वळली आणि पायरीशी काढलेल्या चपला न घालताच, गर्दीतून वाट काढत, घराकडं निघाली.