काकांच्या नावाचं खनिज

आजवर सहा खनिजांना माझ्यामुळे नाव मिळालं आहे, आणि सहाही अर्ज खनिजांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने पहिल्या फटक्यात मंजूर केले. ही फुशारकी नाही. म्हणजे थोडी आहेच, पण त्यामागे पंचवीस वर्षांची मेहनत आहे, त्यामुळे ती मला शोभते असं माझं मत आहे. माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल. ते मी विचारत नाही.

नवीन खनिज सापडलं म्हणजे काय, हे लोकांना समजावताना नाकी नऊ येतात. चमकणारा मोठा खडा सापडतो आणि आपण ओरडत सुटतो असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात केसाहून बारीक असा एखादा कण असतो. तो कशाचा बनला आहे, त्यातले अणू कसे रचलेले आहेत, आणि जगात आजवर कुणीच त्याची नोंद केलेली नाही, हे सगळं सिद्ध करावं लागतं. त्याहून महत्त्वाची अट म्हणजे तो निसर्गानेच घडवलेला असावा लागतो. माणसाच्या हातून तयार झालेली वस्तू कितीही देखणी असो, तिला खनिज म्हणत नाहीत आणि तिला नावही मिळत नाही. मग नावाचे नियम. स्वतःचं नाव देता येत नाही. हयात माणसाचं द्यायचं तर त्याची लेखी संमती लागते. एवढं झालं की देशोदेशीचे सभासद मत देतात.

सातवं खनिज मला काकांच्या कपाटात सापडलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षं खाणीत मोजणीदार होते. रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून एखादा दगड घरी यायचा. त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा टाकायचा आणि वहीत लिहायचं: कुठला थर, किती खोल, कोणती तारीख. असे अकराशे दगड त्यांच्याकडे आहेत. बाकीचे हौशी लोक दगडांना तेल लावतात, घासतात, गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवतात. काकांचा दगड म्हणजे जसा सापडला तसा, असा त्यांचा आमच्या संग्रहालयातसुद्धा लौकिक. मी या धंद्यात आले तीही त्यांच्याच बोटाला धरून, त्यामुळे सातव्या खनिजाला त्यांचंच नाव द्यायचं हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. ते हयात असताना द्यायचं होतं. गेलेल्या माणसांची नावं पुष्कळ खनिजांना आहेत, त्यांना त्याचा काय उपयोग?

गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेले तेव्हा काका फिरायला गेले होते. मी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातला ३४७ नंबरचा दगड भिंगाखाली धरला, आणि त्याच्या एका पोकळीत पिवळ्या सुया दिसल्या. काकूंना सांगून तो घेऊन आले. रात्री फोन करून तो कुठला ते विचारलं. काकांनी वही काढून वाचून दाखवलं आणि कशाला हवाय म्हणाले. बघते जरा, एवढंच मी बोलले. परक्याचा दगड हातात घेण्याआधी मी शंभर प्रश्न विचारते. घरच्या दगडाला एकच विचारला.

अकरा महिने त्या सुयांपायी गेले. लोह, मँगनीज आणि ऑक्झॅलेट, आणि रचना अशी की कुठल्याही यादीत नाही. ऑक्झॅलेट ऐकून तज्ज्ञ मंडळी कान टवकारतात, कारण ते दगडात सहसा नसतं. पण दगडफूल ज्या खडकावर वाढतं तिथे ते नैसर्गिकरीत्या तयार होऊ शकतं, आणि हा दगड खाणीच्या अगदी वरच्या, उघड्या पायरीवरचा. वर दगडफुलाचे थरच्या थर. सगळं कसं चपखल बसलं. मी अर्ज लिहिला, पुरावा म्हणून काकांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो, कशासाठी ते न सांगता, मागवून जोडला, आणि पाठवून दिला. अर्जाचं आणि नावाचं काकांना काहीच कळू दिलं नाही.

मतदानाआधी समितीचे अध्यक्ष अर्ज तपासतात. त्यांनी दोन कागद मागितले. एक, काकांची संमती. दोन, हा दगड सापडल्यानंतर कधीही ॲसिडने धुतलेला नाही, असं गोळा करणाऱ्याने सहीनिशी लिहून दिलेलं. कारण गंज काढायची जी पावडर घरोघरी मिळते ती ऑक्झॅलिक ॲसिडचीच असते, आणि लोह-मँगनीजला ती लागली की ऑक्झॅलेट तयार होतं. प्रश्न रास्त होता. काका ज्याला ठाऊक नाहीत त्याने तो विचारायलाच हवा. तरी मला राग आला, आणि त्याच रागात मी दोन्ही कागद टाइप करून, नवीन पेन घेऊन रविवारी सकाळी काकांकडे गेले.

काका पुढच्या खोलीत कपाटाशेजारच्या खुर्चीत बसले होते. मी सगळं रंगवून सांगितलं. खनिजांच्या नावांना असतो तसा त्यांच्या नावाला पुढे ‘आइट’ लागणार, जगातल्या प्रत्येक यादीत ते छापलं जाणार, आपण सगळे गेलो तरी राहणार. काकांनी चष्मा लावला, दोन्ही कागद वाचले, दुसरा परत वाचला, आणि दोन्हींची नीट घडी घालून माझ्यापुढे ठेवले. हे नको, म्हणाले. दुसरं काहीतरी नाव दे. आणि जमलं तर अर्जच मागे घे.

मला वाटलं, संकोच. मी समजूत घातली. त्यांनी मान हलवली. मी कारण विचारलं तर चष्मा काढून पुसत बसले. मग माझं डोकं फिरलं. अकरा महिने मी काय गवत उपटत होते का, असं विचारलं. आयुष्यभर कुणी काही देऊ केलं की मागे सरायचं, याला साधेपणा म्हणत नाहीत, पळपुटेपणा म्हणतात, असंही म्हणाले. ते मी बोलायला नको होतं. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोल."

मी उठून पाणी प्यायला आत गेले. काकू मटार सोलत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर मी फणकाऱ्याने म्हटलं की तुमच्या नवऱ्याला स्वतःच्या दगडांची किंमत नाही. काकू हसल्या.

"त्यांना नाही? अगं, जीव आहे त्यांचा. ती खाणीतली दरड अंगावर आली होती ना, तेव्हा एकोणीस दिवस दवाखान्यात होते. आठ दिवस तर शुद्धच नव्हती. तू होस्टेलवर होतीस, तुला कुणी सगळं सांगितलं नाही. मला तिथे दुपारी दोन तासच बसू द्यायचे. मग घरी येऊन काय करायचं? म्हटलं, माणूस परत आला तर त्याचे दगड लख्ख दिसायला हवेत. न्हाणीघरातल्या पाइपांचा गंज काढायची पावडर होती, ती बादलीत घातली आणि एकेक दगड भिजवून घासला. वरचे दोन कप्पे झाले. काय चमकत होते! ते घरी आले, कपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, वा, छान दिसतायत."

मी ग्लास ठेवला. त्यातलं पाणी तसंच राहिलं होतं.  काकू पुन्हा मटारांकडे वळल्या.

बाहेर आले तर काकांनी वही काढून ठेवली होती. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं की मला कळलं आहे. ३४७ च्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. आकड्याच्या डाव्या बाजूला हिरव्या शाईचा एक ठिपका होता. वर, खाली, मागच्या पानांवर, असे दोनशे बारा ठिपके. धुतलेल्या प्रत्येक दगडाला एक. घरी आल्यावर पंधरवड्यात त्यांनी सगळे तपासून खुणा केल्या होत्या, आणि त्यानंतर कुणालाही दगड दिला तो बिनठिपक्याचाच. मी अर्जाला जोडलेल्या फोटोत तो ठिपका स्वच्छ दिसत होता. सहा खनिजांची बाई, आणि तो काय आहे असा प्रश्न मला पडला नाही.

एक शेवटची तपासणी राहिली होती. त्याच पायरीवरून, त्याच दिवशी आणलेला ३४८ नंबर आकाराने मोठा म्हणून खालच्या कप्प्यात होता. बिनठिपक्याचा. मी खिडकीशी नेऊन भिंग लावलं आणि पोकळ्यांमागून पोकळ्या पाहिल्या. तांबूस गंज होता, माती होती, दगडफुलाचा वाळका तुकडासुद्धा होता. पिवळी सुई एकही नव्हती. काकूंच्या बादलीत तयार झालेली वस्तू मी अकरा महिने निसर्गाच्या नावावर खपवत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण रडत बसणं माझ्याच्याने होत नाही. मी तिथल्या तिथे कोरा कागद ओढला. अर्ज मागे घेणारं पत्र मीच लिहिणार, आणि आजच, म्हणजे कुणाला मला पकडायची वेळ येणार नाही. कारण म्हणून काय लिहायचं तेवढं काकांना विचारलं.

"लिही, गोळा करणाऱ्याने धुतला," काका हळू आवाजात म्हणाले. "त्याच्याखाली मी सही करतो."

मी म्हटलं की तसं लिहिलं तर त्यांचे अकराशेच्या अकराशे दगड संशयात येतील. ज्या माणसाने एक धुतला आणि सांगितला नाही, त्याच्या बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? चौतीस वर्षांचा लौकिक एका ओळीत बुडेल.

"बुडू दे. मला कुठे आता कुणाला दाखवायचंय?"

"आणि मी खोटं लिहू? समितीला?"

काकांची नजर माझ्या मागे गेली होती. मी वळले तर काकू दारात उभ्या होत्या, मटाराचं ताट हातात तसंच. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ताट खुर्चीवर ठेवलं, वही उचलली, ठिपक्यांवरून नजर फिरवली. पानं उलटत गेल्या. काकूंना कमी समजणारे लोक फसतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

"खराब झाले होते का हो?" त्यांनी विचारलं.

"झाले होते," काका म्हणाले.

"मग छान का म्हणालात?"

काकांनी उत्तर त्यांना दिलं नाही, मला दिलं. "हातांची सालं निघाली होती हिच्या. दोन्ही तळवे लाल. चमचा धरता येत नव्हता. मी जगतो की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि ही घरी बसून माझे दगड धूत होती. तिला मी काय सांगणार होतो, पोरी?"

काकू खाली बसल्या. मग रागावल्या. सत्तावीस वर्षं मनात ठेवलंत, म्हणाल्या. मला काय तोंड नव्हतं, मी काय लगेच मोडून पडणार होते? आठ दिवस बेशुद्ध माणसाच्या उशाशी बसून मी मोडले नाही, ती दगडांसाठी मोडणार होते? काका निमूटपणे ऐकून घेत होते. पण त्यांचा चेहरा इतका सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्या दोघांचाही मनापासून हेवा वाटला.

"तू लिही," काकू मला म्हणाल्या. "खरं काय ते लिही. ठिपक्यांचंसुद्धा लिही, म्हणजे बाकीचे दगड कसे आहेत ते त्यांना कळेल. आणि मला वाचून दाखव."

मी लिहिलं. अर्ज मागे घेत आहे. दगडाची पूर्ण चौकशी न करता मी तो तपासायला घेतला, ही माझी चूक. धुतलेल्या दोनशे बारा दगडांची खूण गोळा करणाऱ्याने त्याच वेळी करून ठेवली आहे, ती वाचायची राहिली, हीसुद्धा माझीच. इथवर काकू मान डोलावत होत्या. पुढचं वाक्य मी त्यांना सांभाळून घ्यायला जरा मऊ केलं होतं: संबंधित दगड गोळा करणाऱ्याच्या पत्नीकडून, ते रुग्णालयात असताना, चुकून ऑक्झॅलिक ॲसिडने धुतला गेला.

काकूंनी माझा हात धरला.

"चुकून काय? एकोणीस दिवस एकेक दगड हातात घेऊन धुतलाय मी. तो शब्द काढ. मुद्दाम धुतला म्हणून लिही."

मी ‘चुकून’ खोडलं, वर ‘मुद्दाम’ लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकूंनी माझं नवीन पेन घेतलं आणि खाली सही केली.