शाईच्या थेंबातली कडी

डॉक्टर कुसुमताई पाळंदे तळेगावच्या त्या धर्मादाय दवाखान्यात रुजू झाल्या तेव्हा मुख्य डॉक्टर नानासाहेबांनी त्यांना मागच्या अंगणातली पत्र्याची खोली दिली. खोलीत खिडकीपाशी एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. रक्त म्हणू नका, थुंकी म्हणू नका, जे तपासायचं ते सगळं त्या खोलीत येई. रोगी त्यांना 'तपासणीवाल्या बाई' म्हणत. कुसुमताईंना ते नाव आवडे. मुंबईला शिकून आलेली मुलगी बाळंतपणं सोडून थुंकी तपासत बसते, असं नातेवाईक म्हणत. ते मात्र त्यांना मुळीच आवडत नसे.

त्या उन्हाळ्यात चाकणजवळच्या म्हाळुंग्याहून दादूला बैलगाडीत घालून आणलं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं तो गवंडीकाम करी. उभा-आडवा भक्कम गडी, पण महिनाभर डोकं धरून बसलेला. अन्न ठरेना, मान वाकेना, आणि आता त्याला एकाच्या जागी दोन तानाबाई दिसू लागल्या होत्या. तानाबाई त्याची बायको.

नानासाहेबांची सारी हयात क्षयाचे रोगी बघण्यात गेली होती. त्यांनी दादूच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून कुसुमताईंकडे पाठवलं. त्यात पेशी वाढल्या होत्या, साखर उतरली होती. "मेंदूच्या आवरणाचा क्षय," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी क्षयाची इंजेक्शनं सुरू केली. कुणीही तेच केलं असतं.

पण दादूला उतार पडेना. इंजेक्शनं चालू असतानाच त्याची नजर मंदावली, बोलणं बरळल्यासारखं झालं. पाण्यात क्षयाचे जंतू काही केल्या सापडत नव्हते.

"नेहमी सापडतातच असं नाही," नानासाहेब म्हणाले.

"मला पाणी पुन्हा बघायचंय," कुसुमताई म्हणाल्या.

तानाबाई दारातच आडवी उभी राहिली. "न्हाई म्हंजे न्हाई. एकदा काढलंया तवापास्नं त्यो उठंना. पाटीतलं पानी काढलं की मानूस पांगळा व्हतो, समदी म्हंत्यात."

"तानाबाई, औषध लागू पडत नाही, म्हणजे आम्ही रोगच चुकीचा धरलाय असं मला वाटतं. खरा रोग कुठला ते त्या पाण्यातच कळेल. नाही बघितलं तर तो जाईल. मी खोटं सांगणार नाही."

तानाबाईनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मग बाजूला होत ती म्हणाली, "मंग तुमीच काडा. मी त्येचं पाय धरते."

कुसुमताईंनी स्वतः सुई घातली. पाणी घेऊन त्या तडक आपल्या खोलीत गेल्या, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला आणि एकेक पेशी बघत बसल्या. गोल, गोल, सगळ्या गोलच. पहिल्या खेपेलाही अशाच दिसल्या होत्या. पण एकीच्या अंगाला एक लहानसा गोळा चिकटलेला होता, बटाट्याला डोळा फुटावा तसा. त्यांनी काच हलवली. दुसरीलाही कोंब! रक्तातल्या पांढऱ्या पेशींना कोंब फुटत नाहीत. कोंब फुटतो तो बुरशीला.

मेंदूत बुरशी! शिकत असताना त्यांनी असं एकच चित्र पाहिलं होतं. या बुरशीच्या पेशीभोवती जाड, पारदर्शक कवच असतं; पाण्यात ते दिसत नाही, पण मागे काळोख केला तर दिसतं. त्यासाठी नकाशे काढायची काळी शाई लागते. दौतीतली शाई चालत नाही, काजळीचे बारीक कण असलेलीच हवी. शाळेचे चित्रकलामास्तर ज्योतीराम दवाखान्यामागेच राहत. कुसुमताई पदर खोचून त्यांच्याकडे गेल्या आणि बाटली मागून आणली.

आधी त्यांनी नुसती शाई काचेवर घेऊन बघितली. स्वच्छ होती. मग दादूच्या पाण्याचा थेंब तिच्यात मिसळला आणि डोळा लावला. सगळीकडे काळं, आणि त्या काळ्यात एकेका गोळ्याभोवती लखलखीत पांढरी कडी. खळं पडलेल्या चंद्रासारखी. एवढं गोजिरं दिसणारं हे एका माणसाला आंधळं करत होतं!

नानासाहेबांनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हवेचे बुडबुडे असतील."

"बुडबुड्याला कोंब येत नाही, नानासाहेब. शिवाय बुडबुडा काही वाढत नाही. मी काचेच्या नळीत याची लागवड केली आहे. उगवलं नाही तर मी चुकले."

ते उगवलं. काचेच्या नळीत सायीसारखे ओलसर, चकचकीत ठिपके धरले. नानासाहेबांनी नळी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली. "तीस वर्षांत मी असे किती जण क्षय म्हणून घालवले असतील कोण जाणे," ते म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "औषध काय आहे यावर?"

औषध अमेरिकेत नुकतंच निघालं होतं. नानासाहेबांनी मुंबईच्या आपल्या जुन्या मित्रांना तारांवर तारा केल्या आणि शेवटी ते मिळवलंच. औषध मोठं जहाल होतं. शिरेतून थेंबथेंब सोडताना दादूला अशी हुडहुडी भरे की खाट खडखडायची. तानाबाई त्याला घोंगडीसकट मिठीत धरून बसे. कुसुमताई रोज त्याची लघवी तपासत, मूत्रपिंडांना औषध झेपतंय ना ते बघत, आणि मधूनमधून पाठीतलं पाणी शाईत घालत. कड्या विरळ होत गेल्या. एक दिवस सगळी काच धुंडाळूनही एकही सापडली नाही.

"बाई," दादू त्या दिवशी म्हणाला, "आता तुमी येकच दिसताया."

एका डोळ्याची नजर अधू राहिली ती राहिलीच. पण दादू चालत घरी गेला.

पुण्याला डॉक्टरांची सभा होती. नानासाहेबांनी कुसुमताईंना बोलायला उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. कुसुमताई बोलल्या, चित्रं दाखवली. एका बड्या डॉक्टरांनी विचारलं, "निदान कुणाचं? नानासाहेबांचं का?"

नानासाहेब मागून गरजले, "अहो, मी क्षय म्हणालो होतो! निदान हिचं."

सभेत हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. कुसुमताईंनी मान खाली घातली नाही. आपलं आहे ते आपलं म्हणायला लाजायचं कशाला, असं त्यांना त्या क्षणी स्वच्छ वाटलं.

दिवाळीनंतर दादू तपासणीला आला तो म्हाळुंग्याच्या एका म्हाताऱ्याला बरोबर घेऊन. त्याचंही डोकं दुखत होतं. म्हातारा सुईला भीत होता. बरोबर आलेल्या तानाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"भिऊ नगासा, मामा. ह्या आमच्या बाई हायेत. ह्येंला दिसतंया."