रांजणातली खुडूक कोंबडी

लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात निलंग्याकडच्या एका गावातल्या विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. टँकरबरोबर नियमही आला. कारकुनाने घरोघरचे रांजण पाहावेत आणि गरज असेल तरच गावाला पाणी द्यावे.

सरजाबाईचा रांजण कोरडा होता, पण मोकळा नव्हता. मानमोडीच्या साथीत गावातल्या कोंबड्या गेल्या होत्या. तिची एकच वाचली आणि तीही नेमकी खुडूक होऊन अंडी उबवायला बसली. जमिनीत अर्ध्या पुरलेल्या रांजणाइतकी गार जागा घरात दुसरी नव्हती. तळाशी राख-भुसा पसरून तिने साथीआधी जमवलेली, उन्हात धरून पारखलेली तेरा अंडी मांडली, विजेच्या कडकडाटाने ती नासू नयेत म्हणून मध्ये एक खिळा ठेवला, कोंबडी बसवली आणि वर पाटी झाकली.

विसाव्या दिवशी कारकून बसलिंगप्पा वही घेऊन दारात आला. पिल्ले निघायच्या वेळी पाणी ओतायला कोंबडी उठवली तर सगळेच जाईल, या भीतीने सरजाबाईने रांजण भरलेला असल्याचे सांगून टाकले. बसलिंगप्पा सरळ माणूस होता. पहिल्याच घरात अजून पाणी शिल्लक आहे म्हणजे गावाला घाई नाही, असा निष्कर्ष काढून तो टँकर पुढच्या गावाकडे वळवायला निघाला.

शेजारची नागुबाई रिकामी घागर घेऊन धावत आली.

"सरजे, रांजण भरलाय तर काल माझ्या दारात तांब्या घेऊन कशाला आलतीस?"

"अंड्यावर शिंपडायला," सरजाबाई हळूच म्हणाली.

बसलिंगप्पा परतला. त्याने पाटी उचलली आणि पाण्याची खोली पाहण्यासाठी वाकला. कोंबडीने त्याच्या नाकाची रीतसर तपासणी केली. तो नाक धरून मागे सरकला, तेव्हा सरजाबाई नाकाकडे न पाहता आधी रांजणात डोकावली. एका अंड्याला बारीक भोक पडले होते आणि आतून चिवचिव येत होती.

"खोटं बोलले, साहेब. पर आज यात पाणी वतू नका. ही उठली तर गावात परत कोंबडं आरवायचं न्हाई."

वहीत 'भरलेला' आणि 'रिकामा' असे दोनच रकाने होते. बसलिंगप्पाने बराच विचार करून 'रिकामा' लिहिले, शेऱ्यात 'तूर्त भरू नये' अशी भर घातली आणि तिच्या वाटणीचे पाणी नागुबाईच्या रांजणात ओतायला लावले.

अकरा पिल्ले निघाली. नागुबाईने तांब्याभर पाण्यापोटी त्यांतली दोन मागून नेली.

पुढच्या खेपेला सरजाबाईचा रांजण धुऊन तयार होता. बसलिंगप्पाने लांबूनच त्यावर छत्रीने टकटक केली.

"वाका की, साहेब," ती म्हणाली. "आता आत कुणी न्हाई."

त्याने आणखी एकदा टकटक केली आणि मगच तो वाकला.