जुलैतला मृग

बाबांच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर उपम्यातला रवा वाळून चिकटला होता… यामिनीला तो सकाळपासून दिसत होता आणि तिनं तो पुसला नव्हता. पुसून काय होणार होतं? काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी सासऱ्यांना चष्म्याशिवाय धाकट्या मुलाशी बोलायचं म्हणजे उघडं वाटायचं.

धाकटा म्हणजे अवधूत, जोहान्सबर्गचा. महिन्यातून एकदा, इथे फ्रीमाँटला शनिवारची सकाळ नि तिकडे हिवाळ्यातली रात्र पडलेली असताना, बाबा त्याला व्हिडिओ कॉलवर सांगायचे – या महिन्यात दक्षिणेच्या आकाशात काय बघायचं ते. साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलेला तो आवाज मग खणखणीत लागायचा. आधी यामिनीनं लॅपटॉपवरचं वाचून दाखवायचं, मग त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगायचं, आणि पुढे महिनाभर येईल त्याला ऐकवायचं, की माझ्या शब्दाखातर अवधूत थंडीत अंगणात उभा राहतो… आणि रोज तुम्हाला इन्सुलिन टोचते, हात धरून बाथरूमपर्यंत नेते, ती? पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

"वाच," बाबा म्हणाले.

वृश्चिक पूर्वेला उंच, त्रिशंकू दक्षिणेला, अगस्ती मावळतीला – असं समोर लिहिलेलं होतं. तिनं वाचलं, "मृग नक्षत्र, बरोबर डोक्यावर." जुलैच्या रात्री मृग दिसत नाही, एवढं तिला त्यांच्याच तोंडून ऐकून ठाऊक होतं, पण हल्ली ते वार विसरत, गोळ्या विसरत, हेही विसरले असतील. अवधूत हसेल, काहीतरीच काय बाबा, म्हणेल, आणि हा आवाज एकदा तरी अडखळेल… एवढंच हवं होतं मला. फार नाही.

बाबा थोडं थांबले. "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा तेच वाचलं.

फोन लावून दिला की एरवी ती कपड्यांच्या घड्या करायला जायची. आज कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला उभी राहिली. अवधूत सोफ्यावर पसरला होता, मांडीवर चिप्सचं पाकीट.

"बाहेर आहेस ना?"

"हो, बाहेरच आहे बाबा. जाम थंडी आहे यार."

"डोक्यावर बघ. मृग दिसतोय?"

त्यानं मान वरसुद्धा केली नाही. "वा! एकदम क्लिअर. ते तीन तारे ओळीत आहेत ना, तेच ना?"

"तेच," बाबा म्हणाले. "स्वेटर घालत जा."

फोन बंद झाला. तिच्या आत काहीतरी आनंदानं उसळलं – सोफा, चिप्स, सगळं आत्ताच्या आत्ता यांना सांगून टाकावं…

"जुलैत मृग दिवसा वर असतो, यामिनी. सूर्याच्या आसपास."

"बाबा, मी –"

"वाचलंस तेव्हाच कळलं. मग म्हटलं, त्याला विचारून तर बघू." आवाज जराही अडखळला नाही. "शंका होतीच मला. तू बरं केलंस."

बरं केलंस! लग्न होऊन या घरात आल्यापासूनची पहिली शाबासकी, आणि ती याची. बाबांनी हवेत चाचपत तिचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "आता तूच आहेस."

हेच तर हवं होतं, तिनं स्वतःला सांगितलं, इतकी वर्षं हेच… आणि तो हात झटकून टाकावा असं तिला तीव्रपणे वाटलं.