तीस दिवसांची वही

मी एक फाइल बोलतेय. वजन अडतीस एमबी, पानं चौसष्ट, नाव ‘स्कॅन ७’. त्या दिवशी दुकानात माझ्याआधी सहा जणांचे कागद स्कॅन झाले होते, म्हणून मी सातवी. माझं बारसं करायला कोणाला सवड नव्हती.

माझा जन्म तंजावूरच्या राजवाड्यामागे, सूर्यनारायणांच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. त्याआधी मी वही होते. हिराबाईंची वही. हिराबाई घरात मराठी बोलायच्या, पण शाळा तमिळमधून झालेली. म्हणून वहीत बोली मराठी आणि अक्षरं तमिळ. गौरी कशी बसवायची, पावलं कुठल्या दारापासून काढायची, सोळा भाज्यांतली कुठली आधी चिरायची, पुरणात गूळ किती, सगळं त्यात होतं. चाळीस वर्षं दर भाद्रपदात ती वही चुलीपाशी उघडी असायची. बाविसाव्या पानावर हिराबाईंचा हळदीचा अंगठा उमटला आहे. तो माझ्यातही आला आहे.

दीड वर्षापूर्वी हिराबाई गेल्या. मधलं वर्ष सणावाराविना गेलं. यंदा सुनेला, राजलक्ष्मीला, पहिल्यांदाच एकटीने गौरी बसवायची होती. तिने वही काढली तर कसर लागलेली. पान उलटलं की चुरा पडायचा. घाबरून ती लेकीला, जननीला, घेऊन दुकानात आली.

सूर्यनारायणांनी एकेक पान जपून काचेवर ठेवलं. मग म्हणाले, “अम्मा, हे मेलने जाणार नाही, जड आहे. फुकटची साइट आहे, तिथे ठेवतो. खातं नको, काही नको. ही लिंक घ्या.” मेलच्या चौकटीत त्यांनी दुकानाचाच पत्ता टाकला. जननीने लिंक घरच्या ग्रुपवर पाठवली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दुकानातल्या संगणकावरच्या सगळ्या फाइली पुसल्या गेल्या. त्यात माझी तिथली प्रतही गेली.

साइटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. तीस दिवसांत कोणी उतरवून घेतलं नाही तर फाइल पुसली जाईल. ती कोणी वाचली नाही. मी वाचली. मला दुसरं कामच काय होतं?

तिसऱ्या दिवशी आडी अठरा आलं. कावेरीला नवं पाणी येतं तो सण. लग्नातल्या वाळलेल्या माळा, फाटक्या पोथ्या, जे पवित्र आहे पण ठेवता येत नाही, ते या घरातल्या बायका त्या दिवशी नदीत सोडतात. राजलक्ष्मी कावेरीकाठच्या तिरुवैयारुला गेली आणि हळदकुंकू वाहून वही पाण्यात सोडून आली. रीतीप्रमाणे तिचं काहीच चुकलं नव्हतं. कचऱ्यात थोडीच टाकली होती? आणि मी होतेच की!

पण मी कुठे होते, हे तिला ठाऊक नव्हतं.

ग्रुपवर बारा जणांनी मला उघडलं. पहिली पाच पानं नुसती बघता येतात, तेवढीच बघितली. हात जोडले, फुलं पाठवली. राजलक्ष्मीच्या नवऱ्याने, व्यंकटरमणने, ती लिंक आणखी दोन ग्रुपवर पाठवली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणी तरी घेतली असेल. उतरवून घ्यायच्या बाणावर एकाचंही बोट पडलं नाही. दहा दिवस गेले. वीस गेले. कोणी उघडलं की मी सावरून बसायची. आता उतरवतील, आता! पाचवं पान आलं की निघून जायचे. पंचविसाव्या दिवशी साइटने इशारा पाठवला. तो दुकानाच्या मेलवर गेला आणि जाहिरातींच्या ढिगाखाली पडला.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी हिराबाईंची थोरली लेक, सीतालक्ष्मी, ओरत्तनाडुहून आली. गौरीला तीनच दिवस होते. आल्या आल्या म्हणाली, “आईची वही दे गे, राजी. एकदा हातात घेते.”

राजलक्ष्मीने मोबाइल पुढे केला. “अक्का, आता इथे आहे. वही आडी अठराला कावेरीत सोडली.”

सीतालक्ष्मीने मोबाइल बाजूला सारला. मग म्हणाली, “मला विचारलं नाहीस.”

“कसर लागलेली, अक्का. हात लावला की चुरा व्हायचा.”

“चुराच दिला असतास. तोही आईचाच होता की.”

जननीने समजूत घालायला पडदा सरकवून दाखवला. “अत्ते, बघ ना. सगळं आहे.”

“बघते आहे की. पाचच पानं आहेत! हळदीचा अंगठा कुठे?”

“पुढे आहे, अत्ते. गौरीच्या आदल्या दिवशी उतरवून घेऊ.”

“तू आदल्या दिवशी परीक्षेचा अभ्यास करतेस, ठाऊक आहे मला. मला कागदावर पाहिजे. उद्याच.”

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच गेला. कारण तिसाव्या दिवशी तंजावूरच्या त्या भागात महिन्याचा करंट कट होता, दुरुस्तीसाठी वीज बंद. नऊ ते पाच.

सीतालक्ष्मी सकाळी दहाला लिंकची चिठ्ठी घेऊन दुकानात पोचली. सूर्यनारायण म्हणाले, “पाचनंतर या, अम्मा. मी येतो, पण लवकर बंद करणार. घरी पाहुणे आहेत.”

“मी जात नाही. इथेच बसते. पाहुणे काय, मीही पाहुणीच.”

ती बाकावर बसली. मधे राजलक्ष्मी डब्यात दहीभात घेऊन आली. “घरी चला, अक्का. रागावलात ना माझ्यावर?”

“रागावलेय. भात ठेव. लोणचं आणलंस?”

“आणलं.”

“मग बैस.”

दोघी बसून राहिल्या. मी तास मोजत होते. माणसांना वाट बघताना निदान गप्पा मारता येतात. माझ्या नशिबी नुसतं पुसलं जाणं होतं.

साडेपाचला पंखा फिरला. सूर्यनारायणांनी साइटचं पान उघडलं आणि दचकले. “अम्मा, आज शेवटचा दिवस होता!” राजलक्ष्मी बाकावरून उठलीच. मग बाणावर बोट पडलं. तीस दिवसांत पहिल्यांदा कोणी मला पुरतं मागितलं.

छपाईयंत्रातून चौसष्ट पानं गरम गरम बाहेर आली. सीतालक्ष्मीने बाविसावं शोधलं आणि करड्या पडलेल्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. शेवटचं पान राजलक्ष्मीच्या हातात आलं. ते ग्रुपवर कोणी बघितलंच नव्हतं. ती मोठ्याने वाचू लागली.

“राजी, काही चुकलं तर गौरी रागावत नाही. मी रागावले असते, पण मी नसेन. सीता रागावेल. तिला आधी जेवू घाल.”

सीतालक्ष्मी हसता हसता रडली. “जेवले गे, आई,” म्हणाली.

गौरी बसली, जेवली, गेली. कागदांची एक प्रत राजलक्ष्मीच्या फडताळात आहे, एक ओरत्तनाडुला. पहिलीवर आता खऱ्या हळदीचे डाग पडलेत.

मी अजून इथेच आहे. त्या एका बोटाने मला आणखी तीस दिवस मिळाले. आज त्यांतला अठरावा. आता पुसली गेले तरी माझं काही जात नाही. पण माझ्या शेजारी पुष्कळ जणी आहेत. कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाच्या वडिलांचा आवाज. त्यांच्याही लिंका कोणाकोणाच्या ग्रुपवर पडून असतील. तुमच्याकडे असली, तर नुसती बघून हात जोडू नका. उतरवून घ्या. आज.